शहापूरला अडकलेलं इंजिन

आसगावच्या निर्मलाबाईंच्या हलरचं इंजिन १९८२ साली ऐन दिवाळीच्या तोंडावर बंद पडलं. त्यांचे यजमान पुंडलिकराव यांनी हँडल मारून मारून खांदा दुखवून घेतला. इंजिननं दोनदा काळा धूर सोडला, एकदा पोटातून खडखडलं, आणि मग कितीही फिरवलं तरी नुसते सुस्कारे टाकत राहिलं.

हलर छोटासाच होता. घराच्या बाजूला टिनाचं छप्पर, खाली डिझेलचं इंजिन, त्यावरून जाणारा लांब पट्टा आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला धान कांडायचं यंत्र. पुंडलिकराव शेतीचा माणूस, यंत्राच्या आवाजानं त्यांचं डोकं उठायचं. सारा कारभार निर्मलाबाईंचाच. पदर खोचून त्या पट्टा चढवायच्या, चाळणी बदलायच्या, तांदळात तुकडा जास्त पडतोय का ते तळहातावर घेऊन बघायच्या. बायका डोक्यावर धानाच्या टोपल्या घेऊन यायच्या आणि पाळी येईस्तोवर टिनाखाली बसून बोलत राहायच्या. देऊळ सोडलं तर गावात बायकांना निवांत बसायला तेवढीच जागा होती.

"आता कापणी होईल, लोकाईचं नवं धान घरात येईल," निर्मलाबाई म्हणाल्या. "तवा इंजिन पाहिजे म्हणजे पाहिजे, अजी."

"शहापूरले नेऊ," पुंडलिकराव म्हणाले. "तथी दोघं भाऊ आहेत. आपल्या सुखरामच्या पंपाचं इंजिन त्यायनंच केलतं. इतके वर्षं झाले, अजून खोकललं नाही."

शहापूर म्हणजे भंडाऱ्याच्या पलीकडे, नागपूरच्या हमरस्त्यावर. गावातल्या भोजराजचा ट्रॅक्टर होता. त्याच्या ट्रॉलीत तनसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, जाड थर पसरून इंजिन ठेवलं, आणि नवराबायको दोन्ही बाजूंनी त्याला धरून बसले.

गोपीचंद मिस्त्रीचं दुकान रस्त्याला लागूनच होतं. वर मोठी पाटी : 'गोपीचंद-जागेश्वर, इंजिन रिपेरिंग वर्क्स.' गोपीचंद अंगानं भरलेला, पान खाणारा, बोलायला गोड. त्यानं इंजिनभोवती एक चक्कर मारली, हँडल फिरवून कान लावला आणि म्हणाला, "लायनर-पिस्टन गेलं, बाई. नागपूरहून सामान आणावं लागते. पैसे सारे आधी द्या, म्हणजे माहं काम अडत नाही. पंधरा दिवसांत इंजिन नवरीसारखं सजवून देतो."

निर्मलाबाईंनी पदराच्या गाठीतून आठशे रुपये काढून दिले. पावती मागितली तर गोपीचंद हसला. "पावती कायले, बाई? तुमी काय परक्या आहात?"

"अन् तुमचे भाऊ दिसत नाहीत?"

गोपीचंदनं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. "जागेश्वर? येते ना. दिवाळी करून येते."

पंधरा दिवस गेले. दिवाळीही गेली. निर्मलाबाई एस.टी.नं पवनीहून भंडारा आणि भंडाऱ्याहून शहापूर असा प्रवास करून गेल्या, तर लायनर आलं होतं पण रिंगा आल्या नव्हत्या. पुढच्या वेळी रिंगा होत्या, पण गोपीचंद नव्हता. त्याच्या पुढच्या वेळी गोपीचंद होता, पण त्याच्या घरी पाहुणे आले होते आणि सोमवारी नक्की काम होणार होतं. दर वेळी चहा मिळायचा, दर वेळी गोड बोलणं मिळायचं. परतीच्या एस.टी.त बसलं की निर्मलाबाईंना आपलाच राग यायचा. त्या बोलण्याला आपण मान डोलावून आलो, याचा.

इकडे शेतातल्या बांध्या कापून झाल्या, कापलेल्या धानाचे पुंजणे रचले गेले, मळणी झाली. गावात धानच धान झालं आणि हलर मुका. लोकांना थांबून कसं चालेल? ज्याच्याकडे बैलबंडी होती तो बंडीनं पवनीच्या गिरणीत जायचा. ज्यांच्याकडे नव्हती त्या बायका डोक्यावर घेऊन निघायच्या. शेजारच्या शकुनबाईचे गुडघे धरलेले. एक दिवस ती धानाची टोपली घेऊन निर्मलाबाईंच्या दारावरून गेली, थांबली नाही, बोलली नाही, फक्त टिनाखालच्या रिकाम्या ओट्याकडे एकदा बघितलं. निर्मलाबाई घरात गेल्या आणि पुंडलिकरावांना म्हणाल्या, "मी रिपोट देतो त्याच्यावर."

पुंडलिकराव भिडस्त. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नाही म्हणते," ते पुटपुटले.

"मी शहाणी असती तर पावती घेतली नसती का?"

दोघं भंडाऱ्याला गेले. ठाण्यातल्या जमादारानं सारं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, त्यानं इंजिन पळवलं का? नाही. नाही म्हणते का द्यायले? तेही नाही. काम झालं नाही, एवढंच तुमचं म्हणणं. हे दिवाणी प्रकरण आहे. आमच्याकडे नाही येत. वकील पाहा."

ठाण्याबाहेर चिंचेखाली टाइपरायटर घेऊन बाबुलाल अर्जनवीस बसायचा. तोंड पाडून निघालेली माणसं त्याला लांबूनच ओळखू यायची. त्यानं स्टूल पुढे केलं, हकिगत ऐकली आणि आवाज खाली आणला.

"दिवाणीत जाल तर नातू होईल तुमाले तेव्हा निकाल लागेल. मी सांगतो तसा अर्ज द्या. मिस्त्रीनं इंजिनचे पार्ट विकून खाल्ले, असं लिहू. पहिल्या दिवसापासूनच त्याची नियत खोटी होती. मग चारशे वीस लागते. दोन दिवस आत बसला की पैसे घेऊन तुमच्या दारात येते का नाही पाहा."

"पण पार्ट विकले का त्यानं?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"ते कोण पाह्यते?"

पुंडलिकरावांचे डोळे चमकले. आयुष्यात कुणाला उलटून न बोललेला माणूस, पण गेले दोन महिने बायकोचे हेलपाटे आणि शेजाऱ्यांची तोंडं बघून त्यांच्याही पोटात काहीतरी साचलं होतं. "लिहा," ते म्हणाले. "लिहून टाका. आमाले फसवलंच तर आहे त्यानं."

"थांबा जी," निर्मलाबाई म्हणाल्या. "मी पाह्यलं नाही, तर लिहू कशी? उद्या कोणी विचारलं, बाई, कोणता पार्ट विकला, तर काय सांगू?"

"तू त्याची बाजू घेऊन राहिली का आता?"

"त्याची नाही. शहापूर इथून काही लांब नाही. आपल्या डोळ्यानं पाहू. विकले असतील तर मीच अंगठा देतो."

निर्मलाबाईंना सही येत होती. पण रागात त्या अंगठाच म्हणाल्या.

दोघं न सांगता शहापूरला पोचले. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. निर्मलाबाई वाकून आत गेल्या, मागून पुंडलिकराव. आत गोपीचंद एकटाच जमिनीवर फतकल मारून बसला होता. तोंडात पान नव्हतं. हात कोपरापर्यंत काळे. त्याच्यापुढे आसगावचं इंजिन उघडं पडलेलं, आणि गोणपाटावर त्याचा एकेक भाग पुसून, रॉकेलनं धुऊन ओळीनं मांडलेला. नवं लायनर होतं, नवा पिस्टन होता, रिंगा होत्या. काहीच विकलेलं नव्हतं. भिंतीला लागून आणखीही इंजिनं होती, कुणाकुणाची, कितीतरी. सगळी अशीच पोट उघडून पडलेली.

गोपीचंद दचकून उठला. "बाई, तुमी? बसा, चहा..."

"चहा नोको. सामान तर सारं आहे. मग बसवत काहून नाही?"

"बसवतो ना. सोमवारी..."

"गोपीचंदभाऊ," निर्मलाबाई म्हणाल्या, "जागेश्वरभाऊ कधी येणार आहेत?"

गोपीचंदनं पुसायचं फडकं उचललं आणि हात पुसायला लागला. हात पुसून स्वच्छ होईनात तरी तो पुसतच राहिला. शेवटी नवराबायको बाहेर आले.

बाजूला ताराबाईचं चहाचं दुकान होतं. गोपीचंदच्या दुकानात जाणारा चहा तिथूनच जायचा. निर्मलाबाईंनी विचारल्यावर ती आधी नाही-नाही म्हणाली, मग स्टोव्हची हवा कमी करून बोलायला लागली.

"हात जागेश्वरचा, बाई. इंजिनचं सारं तोच करे. गोपीचंद गिऱ्हाईक पाहे, पैसे पाहे, सामान आणे. लहान्यानं एकदा आपला हिस्सा मागितला, घर बांधायचं होतं त्याले. तर मोठा चार लोकांसमोर बोलला, तू हातोडे मारणारा, गिऱ्हाईक माह्या तोंडावर येते, तुह्या नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जागेश्वर आपल्या पान्यांची पेटी घेऊन गोंदियाले निघून गेला. राईस मिलमधे नोकरीवर आहे म्हणते. हा रोज म्हणते, दिवाळी करून येते. आता म्हणते, संक्रांत करून येते."

"मग हा इंजिनं घेते कायले?"

ताराबाईनं खांदे उडवले. "नाही म्हणता येत नसेल. लोकं अजून दोघांच्या नावानं येतात."

एस.टी.तून भंडाऱ्याला उतरल्यावर पुंडलिकराव म्हणाले, "मग बाबुलालकडे जाचं नाही?"

"नाही जी. तो खोटारडा आहे. पण चोर नाही."

भंडाऱ्यात भैय्याजी वकिलांचं नाव सुखरामनं सांगितलं होतं. म्हातारे, दम्यानं बेजार, पण डोकं लख्ख. त्यांनी निर्मलाबाईंना खुर्चीवर बसवलं आणि मधे एकही प्रश्न न विचारता सगळं ऐकलं.

"आता माझं ऐका," ते म्हणाले. "बाबुलालच्या चारशे विशीचं आधी. फसवणूक कधी होते? पैसे घेताना, त्याच क्षणी, देणार नाही हे माणसाच्या मनात असलं तर. इथे त्यानं सामान आणलं, इंजिन खोललं, प्रयत्न केला. जमलं नाही ते सांगितलं नाही. हा बोललेलं न पाळण्याचा दोष झाला. त्याला दिवाणीच लागते. खोटं लिहून दिलं असतं तर उलटतपासणीत तुम्हीच अडकल्या असत्या. आणि समजा, गेला तो आत. त्यानं तुमचं इंजिन सुरू झालं असतं का?"

"नाही," निर्मलाबाई म्हणाल्या.

"मग तुम्हाला काय पाहिजे ते आधी ठरवा. पैसे परत आणि इंजिन परत, की काम पूर्ण करून?"

"मले इंजिन पाहिजे. चालू."

"ठीक. दाव्यात दोन्ही मागू. काम पूर्ण करून द्या, नाहीतर पैसे, इंजिन आणि हंगामाची नुकसानभरपाई. पावती नाही म्हणता. पैसे देताना कुणी पाहिलं?"

"भोजराज होता. ट्रॅक्टरवाला. त्याच्यासमोरच मोजून देल्ले."

"साक्षीला येईल?"

"येईल. त्याच्या घरचं धानही आमच्याच हलरवर येते."

भैय्याजी हसले, खोकले, पाणी प्यायले. मग पेन उघडता उघडता थांबले. "पाटीवर काय लिहिलंय म्हणालात?"

निर्मलाबाईंनी पाटीवरची नावं सांगितली.

"दोघांची नावं! आणि दुकान दोघांचं म्हणून तुम्ही तिथे गेलात?"

"दोघा भावांचं म्हणूनच तर गेलो."

"मग धाकटाही प्रतिवादी. भागीदार वेगळा झाला तर त्यानं जगाला सांगायला पाहिजे. पाटी तशीच, नाव तसंच, गिऱ्हाईक त्या नावावर येते, तोवर तोही तेवढाच जबाबदार. नोटीस दोघांना जाईल."

"पण त्यानं आमचं काही खाल्लं नाही," निर्मलाबाई म्हणाल्या. "तो तर बिचारा..."

"बाई, समन्स म्हणजे शिक्षा नाही. या आणि सांगा, एवढंच. त्याला जे सांगायचं ते तो येऊन सांगेल."

रजिस्टर पोस्टानं नोटिसा गेल्या. उत्तर कुणाचंच आलं नाही. नोटिशीची मुदत संपल्यावर भैय्याजींनी दावा दाखल केला. मग तारीख, तारखेला गोपीचंदच्या वकिलानं मागितलेली मुदत, मग पुन्हा तारीख. गोपीचंदनं कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली, तीत सामान वेळेवर मिळालं नाही असं लिहिलं होतं. तोवर उन्हाळा लागला. हंगाम गेलाच होता. गावात काही लोक हसायचे, काही हळहळायचे. पुंडलिकराव मात्र बदलले होते. तारखेच्या दिवशी ते बायकोच्या आधी आंघोळ करून तयार असायचे आणि फडक्यात भाकरी बांधून घ्यायचे.

चैत्रातल्या एका तारखेला जागेश्वर आला.

कोर्टाच्या व्हरांड्यात निर्मलाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. एक किडकिडीत, उंच माणूस हातात समन्सचा कागद घेऊन थेट भैय्याजींपुढे येऊन उभा राहिला.

"वकीलसाहेब, मी ते दुकान सोडून आलो. एक पैसा घेतला नाही. माह्या अंगावर हे काहून घातलं? मिलमालकासमोर बेलीफ आला माह्या नावानं. इज्जत गेली माही."

"पाटीवर तुमचं नाव आहे," भैय्याजी शांतपणे म्हणाले. "तुम्ही ते काढायला लावलं नाही. या बाई त्या नावावर आल्या."

जागेश्वर वळला. निर्मलाबाईंकडे बघून त्याचा आवाज थोडा उतरला. "तुमचं इंजिन, बाई? कोणतं?"

"हलरचं. काळा धूर टाके, मग आतून खडखडे."

"सुरू करताना वाफ वरून जाये का बाजूनं?"

"वरून. हेडाजवळून, वरच्या झाकणापाशी."

"मग लायनर एकटं नव्हतं गेलं," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, आणि तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाला त्याला गोपीचंद दिसला. गोपीचंद वकिलाच्या आड उभा होता. उन्हाळ्यानं म्हणा की कशानं, पण तो बराच वाळला होता. सदरा अंगात सैल झाला होता.

जागेश्वरच चालत त्याच्यापाशी गेला.

"हेड घासून घेतलं का?"

गोपीचंदनं मान हलवली. नाही.

"मग नवं लायनर टाकून काय होणार होतं?"

"मले काय माहीत?" गोपीचंद म्हणाला. "कितीदा खोललं, कितीदा बसवलं. तू जसा बसवे तसाच बसवला. सुरूच नाही होत. साऱ्याईचं तसंच आहे. लोकं येतात, विचारतात, मी सोमवार सांगतो."

"पैसे कायले घेत गेला मग?"

"तू येशील म्हणून."

"बोलावलं होतं का मले?"

"कोणत्या तोंडानं बोलावू?"

समन्सचा कागद जागेश्वरनं घडी करकरून एवढासा केला होता. व्हरांड्यातले लोक बघत होते. पुंडलिकरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते असल्या गोष्टींना लगेच विरघळायचे. पण निर्मलाबाई उठून दोघांच्या मधे गेल्या.

"तुमी दोघं भाऊ आहात. भांडा, नाही तर गळ्यात पडा, ते तुमचं तुमी पाहा," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या रुसव्यात माहा हंगाम गेला. आमच्या गावची शकुनबाई, गुडघे धरलेली बाई, डोक्यावर धान घेऊन पवनीले जाये. ती मले काही बोलली नाही. एक शब्द नाही. ते माह्या मनातून जात नाही. गोपीचंदभाऊ, जमत नाही एवढं एक वाक्य तुमी पहिल्याच महिन्यात बोलले असते, तर मी इंजिन उचलून दुसरीकडे नेलं असतं. रागही नसता आला."

गोपीचंदनं हात जोडले.

दुपारी पुकारा झाला. दोन्ही वकिलांनी आपसात तडजोड होत असल्याचं सांगितलं. न्यायाधीशसाहेबांनी गोपीचंदला उभं करून विचारलं, "कैफियतीत सामान मिळालं नाही म्हणता. खरं काय आहे?"

गोपीचंदनं भावाकडे पाहिलं. मग म्हणाला, "सामान होतं, साहेब. मले काम येत नव्हतं."

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. मग निर्मलाबाईंना विचारलं, कुणाचा दबाव आहे का, स्वखुशीनं तडजोड करता का. निर्मलाबाई म्हणाल्या, "दबाव नाही, साहेब. पण हे बोलून विसरून जातील, तर?"

साहेबांना हसू आलं. "वकीलसाहेब, सांगा त्यांना."

भैय्याजींनी बाहेर आल्यावर सांगितलं. "तडजोड म्हणजे माफी नाही, बाई. तिचा कोर्टाचा हुकूमनामा होतो. जागेश्वर पावसाळ्याआधी इंजिन करून देईल, एक पैसा जास्त न घेता. गोपीचंद तुमचा कोर्टखर्च आणि नुकसानीचे ठरलेले पैसे दोन हप्त्यांत देईल. मोडलं तर नव्यानं दावा नाही. सरळ दरखास्त टाकायची, जप्ती येते."

जागेश्वरनं सही केली. गोपीचंदनं केली. निर्मलाबाईंनी केली, अक्षर ठळक, रेघ मारून.

जागेश्वर मिलमधून सुट्टी काढून शहापूरला आला आणि इंजिन घेऊन बसला. हेड नागपूरला घासायला पाठवलं, बाकी सारं हातानं केलं. मृग लागायच्या आत भोजराजचा ट्रॅक्टर पुन्हा गेला. या वेळी ट्रॉलीत इंजिनसोबत जागेश्वरही बसून आला, कारण पाया बरोबर आहे की नाही ते त्याला स्वतः बघायचं होतं.

टिनाखाली गर्दी झाली. हंगाम नसला तरी घरोघरी कोठीत धान होतंच, आणि बायका टोपल्या घेऊनच आल्या होत्या. शकुनबाईही आली. जागेश्वरनं नट आवळले, पट्टा बघितला, हँडल घातलं आणि निर्मलाबाईंना म्हणाला, "तुमी मारा, बाई."

"मी?"

"तुमच्याच हातचं आहे ते."

निर्मलाबाईंनी पदर खोचला. एक फेरा, दोन फेरे. इंजिन खोकललं, थरथरलं आणि टिनाच्या पत्र्यासकट सगळा ओटा हलवत सुरू झालं. बायका ओरडल्या. पुंडलिकरावांनी सवयीप्रमाणे कानात बोटं घातली, पण हसत होते. पहिली टोपली शकुनबाईची घातली. तांदूळ पडायला लागला तसा जागेश्वरनं चार दाणे तळहातावर घेतले, तुकडा बघितला, मान डोलावली.

तो जेवायला नाही म्हणत होता. निर्मलाबाईंनी ऐकलं नाही. ताज्या तांदळाचा भात, चण्याच्या डाळीचं वरण आणि वांग्याची भाजी. तो मन लावून जेवला. बोलणं ऐकू यावं म्हणून इंजिन बंद केलं होतं.

"बाकीच्या इंजिनांचं काय?" निर्मलाबाईंनी वाढता वाढता विचारलं.

"दर रविवारी येतो शहापूरले. एकेक करून देऊन राहिलो. ते सारे झाले की दुकान बंद करायचं, असं ठरलं आहे. भाऊ तथीच डिझेल-ऑइलचं दुकान टाकतो म्हणते. बोलणं येते त्याले, तेच चालेल."

"अन् तुमी बोलता का त्याच्याशी?"

जागेश्वरनं भात कालवला.

"मी पान्याचा नंबर सांगतो," तो म्हणाला. "तो देते."

निर्मलाबाईंनी त्याच्या पानात आणखी एक वाढणी भात घातला. नको म्हणत असताही घातला.

गोपीचंदचा पहिला हप्ता वेळेवर आला. दुसरा आला नाही. भैय्याजींनी दरखास्त टाकायची का असा निरोप पाठवला, तेव्हा निर्मलाबाईंनी कळवलं की जरा थांबा. पोळा झाला आणि त्यानंतर आठवड्याभरानं गोपीचंद स्वतःच आसगावला आला, पैसे घेऊन. सायकलवर पवनीपर्यंत आणि पुढे पायी, कारण ट्यूब पंक्चर झाली होती. पुंडलिकरावांनी त्याला पाणी दिलं. निर्मलाबाईंनी पैसे मोजून घेतले आणि या वेळी स्वतः पावती लिहून त्याच्या हातात दिली. मग टिनाखालून कुणीतरी हाक मारली, धान आलं होतं, आणि त्या पदर खोचत तिकडे गेल्या.